परसबाग

परसबाग : घराच्या मागील अथवा बाजूच्या मोकळ्या जागेत घरच्या माणसांनी घरच्या गरजेसाठी केलेली मिश्र लागवड म्हणजे परसबाग होय. भाजीपाला, फळझाडे, फुलझाडे, औषधी वनस्पती आणि पूजेस लागणारी पत्री यांचा तीत समावेश असतो. शेत, मळा व उद्यान यांपासून तिचे वेगळेपण लावलेल्या वनस्पतींवरून ठरत नाही, लागवडीच्या हेतूवरून ठरते. मळ्यातील वांगे बाजारासाठी असते, उद्यानातील जास्वंद पाहण्यासाठी असते. परसातील वांगे व जास्वंद ही दोन्ही हाताशी असावीत म्हणून लावलेली असतात. कोकणात परसबागेस परडे किंवा वाडी, तर विदर्भात सांदवाडी म्हणतात. गोव्यातील कुळागर हा याच कुळातील प्रकार असला, तरी सुपारी-नारळाच्या व्यापारी उत्पन्नामुळे तो परसाची मर्यादा ओलांडतो.

परसबागेचा हेतू पूर्वी कोणी शब्दांत मांडून ठेवला नाही आणि तशी आवश्यकताही नव्हती. घराची रचना, पाण्याची सोय, सणवार आणि घरातील स्त्रियांचा दिनक्रम यांतच तो सामावलेला होता. ही घडी जेथे मोडली, तेथे मात्र बाग कशासाठी करावयाची, हा प्रश्न नव्याने विचारावा लागला. ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर हा परिसर या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण आहे. साष्टी बेटाच्या वायव्य टोकास वसलेल्या या परिसरात उत्तन, डोंगरी, चौक, राई, मुर्धे, मोर्वे, नवघर, गोडदेव, काशी, घोडबंदर इ. जुनी गावे असून एका पिढीच्या अवधीत त्यांतील कित्येकांचे परस इमारतींखाली गेले.

प्राचीन उल्लेख : गृहबागेचे सर्वांत स्पष्ट प्राचीन वर्णन काहीशा अनपेक्षित ग्रंथात, म्हणजे वात्स्यायनाच्या कामसूत्रात (सु. तिसरे शतक) आढळते. त्यातील भार्याधिकारिक अधिकरणात गृहिणीच्या कर्तव्यांत बागेची देखभाल येते. स्वच्छ केलेल्या जागेत हिरव्या भाज्यांचे वाफे करावेत; ऊस, जिरे, मोहरी, ओवा वर्गातील वनस्पती व शोपा लावाव्यात; जाई, मोगरा, कोरांटी, तगर, जास्वंद यांसारखी फुलझाडे आणि वाळा असावा; मध्यभागी विहीर किंवा तळे खणवावे, असे तेथे सांगितले आहे. स्वयंपाक, सुगंध, औषध आणि पाणी ही सर्व अंगे या सूचीत एकत्र आली आहेत. पुढे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आला व सुरपालाच्या नावावरील वृक्षायुर्वेद हा ग्रंथही प्रसिद्ध आहे; तथापि त्यांचा रोख वृक्षांच्या संगोपनाकडे व रोगोपचारांकडे आहे. महाराष्ट्रात अरण (जि. सोलापूर) येथील संत सावता माळी यांनी तेराव्या शतकात भाजीमळ्याच्या कामालाच उपासनेचे स्थान दिले. मात्र त्यांचा मळा हा व्यवसायाचा होता.

साष्टीतील परसाची रचना : साष्टी-वसईच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सु. २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो; परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उरलेले आठ महिने बाग जगवावयाची, तर विहीर हवी आणि वापरलेले पाणीही वाया जाता कामा नये. परसाची मांडणी या एका गोष्टीभोवती झालेली दिसते. घरापुढे अंगण व तुळशीवृंदावन, तर मागे विहीर, न्हाणी, गोठा व उकिरडा असे. न्हाणीच्या पाण्याच्या पाटावर अळू, केळी व कर्दळ लावीत. या तिन्ही वनस्पतींना दलदल मानवते आणि पाणी साचून दुर्गंधी सुटण्यासही त्यांमुळे आळा बसतो. अळूच्या पानांची भाजी, केळीची पाने, केळफूल व घड यांमुळे सांडपाण्याचेच अन्नात रूपांतर होई. कुंपणास शेवगा व अडुळसा, कडेला लिंबू, कढीलिंब, गवती चहा व कोरफड, तर विहिरीजवळ सोनचाफा किंवा मोगरा, असा साधारण क्रम असे. पावसाळ्यापूर्वी मांडव घालून त्यावर काकडी, दोडका, पडवळ, कारली व भोपळा यांचे वेल चढवीत. पावसानंतरच्या ओलीवर वाल, माठ, मुळा, वांगी व मिरची घेत. चुलीची राख खत म्हणून व किडींवर उपाय म्हणून वापरीत. किनाऱ्यावरील गावांत न खपलेली सुकी मासळी नारळाच्या आळ्यात पुरीत आणि त्यात मीठही घालीत.

‘आगर’ हा शब्द या भागात नारळ-सुपारीच्या बागेस लावतात आणि मिठाच्या वाफ्यांसही लावतात. आगरी समाजाचे नाव याच शब्दाशी जोडले जाते. भाईंदरच्या खाडीकाठी दोन्ही प्रकारची आगरे शेजारी-शेजारी होती, हे येथील वैशिष्ट्य होय. मीठ पिकविण्याचा हंगाम हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंतचा आणि भाताचा हंगाम पावसाळ्याचा. त्यामुळे पुरुषांचे वर्ष या दोन कामांत विभागले जाई व परस मुख्यतः स्त्रिया आणि वृद्ध यांच्याकडे राही. बियाणे राखणे हेदेखील त्यांचेच काम होते. वाल, भोपळा, काकडी व भेंडी यांची चांगली फळे वेलावर किंवा झाडावर पिकवून, वाळवून त्यांचे बी राखेत घोळवून मडक्यात ठेवीत आणि माहेर-सासर या वाटेने ते गावोगाव पसरे. कोणत्या परसातील पडवळ कोवळे राहते, कोणाचे वांगे खाजरे निघते, हे ज्ञान कोठेही लिहिले गेले नाही.

परसबागेचा हेतू सर्वांत नेमकेपणाने व्यक्त करणारी प्रथा म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीचे ऋषिपंचमीचे व्रत. या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. नांगरलेल्या शेतातील धान्य न खाता, हाताने लावलेल्या व आपोआप उगवलेल्या वनस्पतींची मिश्र भाजी करतात. अळू, माठ, सुरण, पडवळ, दोडका, भेंडी, लाल भोपळा व मक्याचे कणीस हे तिचे नेहमीचे घटक होत. नांगराचे शेत व हाताचा परस यांतील भेद येथे धार्मिक नियमाच्या रूपाने टिकून राहिला आहे. गंमत अशी, की या प्राचीन मानलेल्या भाजीतील लाल भोपळा व मका या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील असून पंधराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी त्या भारतात असण्याचा संभव फारच कमी आहे.

पोर्तुगीज काळ : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. साष्टी १७३७-३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. या दोन शतकांत मिरची, पेरू, पपई, अननस, काजू, सीताफळ, रताळे, झेंडू इ. अमेरिकी वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर रुजल्या. त्यांचा प्रसार केवळ राजसत्तेच्या आज्ञेने झाला असे मानणे कठीण आहे. परसात एखाददुसरे नवे झाड लावून पाहण्यास काहीच धोका नसतो. शेतात तो असतो. त्यामुळे नव्या वनस्पतीची पहिली परीक्षा बहुधा परसातच झाली असावी. मिरे खरेदी करणाऱ्या सामान्य कुटुंबास दारची मिरची किती सोयीची वाटली असेल, हे सहज समजण्यासारखे आहे. वैद्य गार्सीया द ऑर्ता यांच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते व तेथे त्यांची बाग होती. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या औषधी द्रव्यांवरील संवादात्मक ग्रंथात त्यांनी वर्षातून दोनदा फळणाऱ्या तेथील आंब्याचा उल्लेख केला आहे. त्यांच्या दृष्टीने बाग ही ज्ञानाची जागा होती. उत्तन, डोंगरी इ. गावांतील ख्रिस्ती कुटुंबांचा धर्म बदलला, तरी त्यांच्या परसाची ठेवण शेजारच्या हिंदू कुटुंबांहून फारशी वेगळी झाली नाही. तुळशीवृंदावनाच्या जागी क्रूस आला, न्हाणीचे अळू मात्र जागीच राहिले.

बाजार व युद्ध : १८६४ मध्ये बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईच्या खाडीवरून मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. त्यामुळे खाडीच्या उत्तरेकडील वसईच्या वाड्यांतील केळी, विड्याची पाने व फुले यांना मुंबईची बाजारपेठ जवळ झाली आणि तेथील वाडीचे रूपांतर पूर्ण बागायतीत होत गेले. खाडीच्या दक्षिणेस भाईंदरकडे मीठ, भात व मासळी हीच मुख्य उत्पन्ने राहिली. परस येथे बाजारापासून बराचसा अलिप्त राहिला आणि पुढे त्याचे संरक्षण करणारा संघटित उत्पादकवर्ग येथे उभा राहिला नाही, याचे एक कारण यातच शोधावे लागते. याच काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांमुळे दर्शनी हिरवळ व ताटव्यांची बाग प्रतिष्ठेची ठरली. शहरी मराठी मध्यमवर्गाने ती कल्पना उचलली आणि भाजीची जागा नजरेआड मागे ढकलली गेली.

बागेला अधिकृत उद्दिष्ट प्रथम युद्धाने दिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भाड्याने दिलेल्या भाजीच्या तुकड्यांची संख्या सु. १४ लाखांपर्यंत गेली, तर अमेरिकेत सु. २ कोटी ‘विजय बागा’ झाल्याचे सांगतात. भारतात ब्रह्मदेशातील तांदूळ बंद झाल्यावर १९४२-४३ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली. मे १९४३ पासून मुंबईत शिधावाटप लागू झाले. बंगल्यांच्या हिरवळी खणून भाजी लावण्याचे आवाहन त्या काळी अनेक देशांत करण्यात आले. परंतु युद्ध संपताच बहुतेक ठिकाणी पुन्हा हिरवळी आल्या. वरून दिलेला हेतू प्रसंगाबरोबर ओसरतो, असा हा अनुभव आहे. याउलट जर्मनीत लाइपसिक येथे १८६० नंतरच्या दशकात मुलांच्या मैदानाभोवती उभी राहिलेली ‘श्रेबर बागां’ची चळवळ कुटुंबांनी स्वतःच चालविल्यामुळे दीडशे वर्षांनंतरही टिकून राहिली. जावा बेटावरील ‘पेकारांगन’ व केरळातील नारळ-मिरी-केळी यांची बहुस्तरीय गृहबाग यांना तर कोणत्याही मोहिमेची गरज भासली नाही.

नागरीकरण : १२ जून १९८५ रोजी भाईंदर, मिरे, काशी, नवघर व घोडबंदर या ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे इ. गावे नंतर तीत समाविष्ट करण्यात आली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. मुंबईत घर घेणे न परवडणाऱ्या कुटुंबांची वस्ती रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंस झपाट्याने वाढली. १९९१ च्या जनगणनेत सु. १ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. सु. ७९ चौ. किमी. क्षेत्रापैकी मोठा भाग डोंगर, वन, खारफुटी व मिठागरे यांनी व्यापलेला असल्यामुळे प्रत्यक्ष वस्तीची दाटी या आकड्यांवरून वाटते त्याहून अधिक आहे.

या वाढीत परस दोन तऱ्हांनी नाहीसा झाला. जुन्या गावठाणांत कुटुंबे वाढली, घरे मागे सरकत गेली, विहिरी बुजल्या किंवा खाऱ्या झाल्या आणि नळ आल्यावर त्यांची निगाही राहिली नाही. नव्या वसाहतींत तर परस मुळात नव्हताच. तेथे आलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी कोकण, घाटमाथा, गुजरात, राजस्थान अथवा उत्तर प्रदेश येथील आपला परस मागे ठेवलेला होता. खिडकीच्या लोखंडी जाळीतील तुळस, कोरफड, गुलाब व मनीप्लँट ही त्याची उरलेली खूण होय. खाडीपलीकडे वसईत १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीने वाड्या व विहिरींचे पाणी यांच्या रक्षणासाठी आंदोलन उभारले. वाडीवर पोट असलेला समाज तेथे होता. भाईंदरच्या बाजूस तसा प्रतिकार त्या काळी झाला नाही. तो बराच उशिरा व वेगळ्या निमित्ताने झाला : मेट्रो मार्ग ९ च्या कारशेडसाठी प्रथम योजिलेल्या राई-मुर्धे-मोर्वे येथील जागेस ग्रामस्थांनी विरोध केला. त्यानंतर डोंगरीची जागा पुढे आली, तेव्हा २०२५ मध्ये तेथील वृक्षतोडीच्या प्रस्तावावरही रहिवाशांनी हरकती घेतल्या.

हेतूची नव्याने मांडणी : परस गेल्यावर उरलेल्या सज्जा, गच्ची अथवा सोसायटीच्या मोकळ्या कडेवर बाग करावयाची, तर जुने सर्व हेतू एकदम साधणे शक्य नाही. साधे गणितही हे दाखविते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज सु. ३०० ग्रॅ. भाज्या हव्यात व त्यांपैकी किमान ५० ग्रॅ. पालेभाजी असावी. पाच माणसांच्या कुटुंबाची वार्षिक गरज त्या हिशेबाने सु. ५५० किग्रॅ. होते. ती भागविण्यास उद्यानविद्येच्या पुस्तकांत २०० ते २५० चौ. मी. जागा सांगितलेली असते. दोन चौ. मी.च्या सज्ज्यात घरची भाजी पिकवू, असे ठरविणाऱ्याच्या पदरी म्हणूनच निराशा येते व वर्षाच्या आत कुंड्या रिकाम्या होतात. तेवढ्या जागेत कोथिंबीर, पुदिना, माठ, मेथी, कढीलिंब, मिरची व गवती चहा मात्र निश्चित मिळू शकतात. पोटभर अन्न नव्हे, तर ताजेपणा व जीवनसत्त्वे हा तिचा वास्तव हेतू ठरतो. फळभाज्यांना रोज सु. सहा तास ऊन लागते. उत्तरेकडील सज्ज्यात टोमॅटो लावण्याचा आग्रह त्यामुळे व्यर्थ होय.

गच्चीच्या बाबतीत भाराचा विचार प्रथम करावा लागतो. ओल्या मातीचे वजन घन मीटरला सु. १,६०० ते १,९०० किग्रॅ. असते, म्हणजे ३० सेंमी. जाडीचा थर चौ. मीटरवर सु. ५०० किग्रॅ. भार टाकतो. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात गृहीत धरलेला चल भार मात्र चौ. मीटरला सु. १५० किग्रॅ. एवढाच आहे. इमारत जुनी व किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजलेली असेल, तर हा प्रश्न केवळ गळतीचा राहत नाही. या अडचणीवर मुंबईत वांद्रे येथे डॉ. आर. टी. दोशी यांनी ‘नगर शेती’च्या प्रयोगांत उसाची चिपाडे व पालापाचोळा यांचा थर वापरून मातीचे प्रमाण अगदी कमी केले. कोल्हापूरचे गणितज्ञ श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे सूर्यप्रकाशाचे मोजमाप व घरच्या जैव पदार्थांपासून केलेली माती यांवर भर दिला. त्यांच्या विचारांच्या प्रभावातून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तेथील ओल्या कचऱ्यावर पोसलेली बाग २००२ पासून आकारास आली. या प्रयोगांत बागेचा हेतू उलटा झालेला दिसतो : बागेसाठी खत शोधावयाचे नसून, रोज निर्माण होणाऱ्या ओल्या कचऱ्याला जागा म्हणून बाग करावयाची असते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक झाले. साऱ्या शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जात असलेल्या मिरा-भाईंदरमध्ये या हेतूस विशेष अर्थ आहे. न्हाणीच्या पाण्यावरील अळूशी त्याचे नातेही जवळचे आहे.

ग्रामीण भागात शासनाने परसबागेस पोषणाचे उद्दिष्ट जोडले आहे. शाळांतील पोषण बागांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानाने स्वयंसाहाय्यता गटांतील स्त्रियांसाठी ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम चालविली. अशा मोहिमांत बागांची संख्या मोजली जाते. घरात कोणी, किती पालेभाजी खाल्ली हे मोजणे अवघड असते व बहुधा राहून जाते. शिवाय पाणी भरण्याचे वाढीव काम स्त्रियांवरच पडते, ही बाब उद्दिष्टांच्या यादीत क्वचितच नोंदली जाते.

नव्या बागेबरोबर काही नवी पथ्येही आली आहेत. कुंडीखालील ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडीस डासाची वाढ साधारण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून अशा ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करणे इष्ट ठरते. खिडकीच्या जाळीत कठड्याबाहेर ठेवलेली कुंडी पावसाळी वाऱ्यात खालच्या पादचाऱ्यास धोकादायक असते. संकरित वाणांच्या विकतच्या बियांपासून पुढील वर्षी तसेच पीक येत नाही, त्यामुळे बी राखण्याची जुनी सवय चालू ठेवावयाची, तर सरळ वाणच लावावे लागतात. लहान जागेतही एक पडवळ किंवा वाल बियांसाठी राखणे शक्य असते.

उत्तन, डोंगरी व चौक या बाजूस अद्याप काही घरांमागे विहीर, केळी व अळू दृष्टीस पडतात. इतरत्र ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या बाजारांत या भाजीसाठी लागणाऱ्या सर्व जिनसांचे थोडे-थोडे एकत्र केलेले वाटे विकावयास येतात. त्यांतील बराचसा माल दूरच्या जिल्ह्यांतील, ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतांतला असतो. बैलाचे श्रम त्यात नसतात, त्यामुळे व्रताचा नियम अक्षरशः मोडत नाही.